काळे डाग: जायफळ, ज्येष्ठमध की सीरम? दोन्हीकडचं वापरून बघितलेलं

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात साडेतीन मिनिटं नुसतं रडगाणं आणि शेवटी प्रश्न एकच, की ताई लग्नाला चार महिने राहिलेत, गालावरचे पिंपल्सचे काळे डाग घालवायला घरगुती करू का सीरम घेऊ. फोनवर सांगायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या दोघींनी आणि शेजारच्या काकूंनीही विचारून झालाय. मी डॉक्टर वगैरे नाही. सोलापुरात राहते, रोज स्कूटीवर बारा किलोमीटर ऊन खाते, सावळी आहे, आणि गेल्या सात-आठ वर्षांत घरातल्या डब्यांपासून ड्रॉपरच्या बाटल्यांपर्यंत सगळं तोंडाला फासून झालंय.

पहिली गोष्ट, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा स्वभाव. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि आपल्यात साधारण सारख्याच असतात, फक्त आपल्या पेशी जास्त कामाला लागलेल्या असतात, रंगाचे दाणे मोठे आणि भरपूर. उन्हापासून संरक्षण मिळतं ते त्यामुळेच, पण त्याची दुसरी बाजू अशी की त्वचेला काहीही झालं, पिंपल फुटला, डास चावला, वॅक्स जास्त गरम लागलं, थ्रेडिंगवालीने कातडी ओढली, की ती लगेच तिथे काळा शिक्का मारून मोकळी. म्हणून मी आता कुठलाही उपाय बघताना 'हे नॅचरल आहे का' हे विचारतच नाही. विचारते की याने आग होते का. कारण जे आग करतं ते आपल्या त्वचेवर डाग घालवायला गेलं तरी नवीन डाग देऊन येतं, मग ते झाडावरून तोडलेलं असो नाहीतर लॅबमधून आलेलं.

दुसरं म्हणजे डाग कुठला आहे ते आधी बघायचं, इथेच निम्म्या जणी चुकतात. पिंपल गेल्यावर राहतो तो तपकिरी ठिपका वेगळा, आणि दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर नकाशासारखा पसरतो तो वांग वेगळा. माझ्या आईला धाकट्या भावाच्या वेळी वांग आला तो अजून आहे, उन्हाळ्यात चढतो, थंडीत उतरतो. पिंपलचा ठिपका काहीच केलं नाही तरी महिन्यांनी फिकट होतो, वांग हा परत परत येणारा पाहुणा आहे. तपकिरी रंग म्हणजे डाग वरवर, तो लवकर जातो, आणि राखाडी-निळसर झाक असेल तर रंग खोल उतरलाय, तिथे लेप आणि सीरम दोन्ही हात टेकतात. मान काळी होऊन कातडी मखमलीसारखी जाड झाली असेल तर ते घासून जाणारच नाही, त्याचा संबंध बऱ्याचदा वजन आणि इन्सुलिनशी असतो, शुगर तपासून घ्यायची. केसांना काळा डाय लावायला लागल्यापासून कपाळाच्या कडेला, कानापुढे काळपट झालं असेल तर आधी डाय बंद. आणि पाठ, खांदे, हाताची हाडं काळी असतील तर बाथरूममधली नायलॉनची घासणी बघा, आपल्याकडे रोज खसाखसा घासून काळे झालेले लोक कमी नाहीत.

आता तुलना. सुरुवात लिंबापासून, कारण माझी अक्कल तिथेच ठिकाणावर आली.

लिंबू विरुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम. सगळ्यांना वाटतं लिंबात व्हिटॅमिन सी, सीरममध्येही व्हिटॅमिन सी, मग पाचशे-सहाशे रुपये कशाला घालवा. मलाही तसंच वाटलं. चुलतभावाच्या हळदीच्या दिवशी सकाळी अर्धं लिंबू गालावर चोळलं, चुरचुरलं, म्हटलं काम करतंय, घाईघाईत धुतलं आणि भर दुपारी मांडवात उन्हात उभी राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल लाल, आठवड्यात तिथे तपकिरी पट्टा, आणि तो पट्टाही कसा तर रस जिथून ओघळला होता तसाच, गालावरून जबड्यापर्यंत, ओघळाचा आकार जसाच्या तसा छापलेला. चार महिने लागले जायला. नंतर कळलं की लिंबाच्या रसात आणि खासकरून सालीच्या तेलात अशी द्रव्यं असतात जी ऊन लागलं की त्वचा भाजतात. शिवाय लिंबाचा रस भयंकर आंबट, त्याचा पीएच दोनच्या आसपास, आपल्या त्वचेचा पाचच्या आसपास. सीरममध्ये तेच व्हिटॅमिन सी मोजून घातलेलं असतं आणि ती भाजणारी द्रव्यं नसतात, म्हणून इथे सरळ सीरम जिंकतं, चर्चाच नाही. फक्त सीरमची स्वतःची खोड अशी की हवा-उजेड लागून ते बिघडतं, आधी पिवळं मग चहासारखं लालसर होतं, तसं झालं की टाकून द्यायचं, 'अजून अर्धी बाटली आहे' म्हणून ओढत बसायचं नाही. आणि ज्यांची त्वचा फार नाजूक आहे त्यांना यानेही चुरचुरतं. संत्र्याच्या सालीची पावडर हाही लिंबाचाच मावसभाऊ समजा, वर आणि खरखरीत.

बटाट्याबद्दल फार लिहीत नाही. बटाटा चिरून ओट्यावर ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा, काळा पडतो. ज्या प्रकारच्या एन्झाइममुळे तो काळा पडतो त्याच घराण्यातलं एन्झाइम आपल्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, बनवतं. ज्याला स्वतःचा रंग आवरत नाही तो आपला काय आवरणार. लावला तर नुकसान नाही, गार वाटतं, तेवढंच.

आता जायफळ. वांगावर जायफळ हा आपल्याकडचा जुना उपाय, वांग हा शब्दच मुळात आयुर्वेदातल्या 'व्यंग'वरून आलाय. आमची आत्या अजूनही सहाण काढते, त्यावर चमचाभर कच्चं दूध, जायफळाचे मोजून सात-आठ वेढे, आणि ती पातळ तपकिरी साय बोटाने गालावर लावते, आधी आईलाही लावायची, वास इतका छान की झोप येईल. पण आईचा अनुभव असा की लावल्यावर ऊब वाटते, आणि सलग पंधरा दिवस लावलं की गालावर बारीक पुरळ. जायफळ गरम, त्यात तिखट सुगंधी तेलं, काहींना सोसतं काहींना नाही. माझ्या मते वांगाला तरी जायफळ नको, कारण वांग चिडला की दुप्पट होतो. आत्याला हे सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही, तिला मी सांगते की सहाणेवर जायफळाऐवजी ज्येष्ठमध उगाळ.

ज्येष्ठमध हा घरगुती बाजूचा सगळ्यात दमदार खेळाडू, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. त्यात ग्लॅब्रिडिन नावाचं द्रव्य असतं, ते मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं आणि सूजही कमी करतं, म्हणून तर महागड्या क्रीमच्या डबीवर बारीक अक्षरात लिकोरिस एक्स्ट्रॅक्ट लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपलं ज्येष्ठमधच. काष्ठौषधीच्या दुकानात कांडी मिळते, पूडही मिळते. अडचण एकच, ग्लॅब्रिडिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणजे पूड पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून वीस मिनिटं लावली तर त्यातलं फार थोडं कामाला येतं, बाकीचं बेसिनमध्ये जातं. मी तीन महिने आठवड्यातून तीनदा लावलं, पूड बारीक चाळून, दह्यात नाहीतर कोरफडीच्या गरात. फरक पडला का, तर पडला, पण इतका हळू की रोज बघणाऱ्याला कळणार नाही, मला जुन्या फोटोवरून कळला. त्रास मात्र शून्य.

याच्यासमोर बाटलीतलं नायसिनामाइड. हे व्हिटॅमिन बी तीनचं रूप, हे रंग बनणं थांबवत नाही, बनलेला रंग वरच्या पेशींकडे पोचवला जातो ती वाहतूक कमी करतं. म्हणजे कारखाना चालू, पण ट्रक अडवलेले. मेक्सिकोमध्ये 2011 साली वांग असलेल्या 27 जणांवर एक छोटा अभ्यास छापून आला होता, चेहऱ्याच्या एका बाजूला 4 टक्के नायसिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला 4 टक्के हायड्रोक्विनोन, म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते डागांचं कडक औषध. हायड्रोक्विनोन थोडं पुढे आणि लवकर, पण नायसिनामाइडनेही सुधारणा झाली आणि त्रास कमी झाला. लोक 10 टक्क्यांची बाटली घेतात कारण आकडा मोठा, माझ्या मैत्रिणीला त्यानेच गाल लाल झाले, पाचवर आली आणि निवांत झाली. आणि गंमत सांगू, हे काही नवीन फॅड नाही, 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीतही हेच नायसिनामाइड होतं. आपल्या आया-मावश्यांनी हे लावून झालंय, फक्त तेव्हा ते गोरं होण्याच्या नावाने विकलं गेलं आणि उन्हाचं कोणी बोललं नाही.

तर ज्येष्ठमध की नायसिनामाइड? वेळ असेल, हातात आठवड्यातून तीन संध्याकाळी असतील, त्वचा पटकन चिडत असेल तर ज्येष्ठमधाने सुरुवात करा, स्वस्तही आहे. सकाळी साडेसातला डबा भरून पळायचं असेल तर बाटली, दोन थेंब आणि निघालं. खरं तर दोन्हीत भांडण नाहीच, मी रोज नायसिनामाइड आणि रविवारी ज्येष्ठमध असं करते.

हळद विरुद्ध अझेलेइक ॲसिड ही जोडी कोणी लावत नाही पण मी लावते, कारण दोन्हींचं काम पिंपल आणि डाग दोन्हींवर. हळद सूज कमी करते हे खरं, पण त्वचेत आत फारशी शिरत नाही, पिवळी मात्र करते, आणि काही जणांना हळदीची ॲलर्जीही असते. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, त्यामुळे लावायचीच तर घरी कुटलेली नाहीतर आंबेहळद, चिमूटभर, तीही उटण्यात. अझेलेइक ॲसिड हे नाव ऐकून माणूस घाबरतो, पण ते गव्हात, बार्लीतही असतं, आपल्या कातडीवर राहणारी एक बुरशीसुद्धा ते बनवते, म्हणजे नॅचरल म्हणायचं तर हेही म्हणता येईल. ट्यूब 10 किंवा 20 टक्क्यांची येते. पहिले दोन आठवडे खाज येते, मुंग्या आल्यासारखं होतं, म्हणून एक दिवसाआड मटारच्या दाण्याएवढंच. ज्यांना अजून नवीन पिंपल येतायत त्यांच्यासाठी माझं मत डोळे झाकून याला, कारण पिंपल येत राहिले तर डाग पुसत बसण्यात अर्थ काय, नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं आहे ते. दिवस गेलेले असताना बरीच औषधं बंद होतात तेव्हाही डॉक्टर हे बऱ्याचदा चालू देतात, पण त्यांना विचारूनच.

कोरफड डागांवर फार काही करत नाही, पण चिडलेली त्वचा शांत करते, आणि आपल्या हिशोबात तेही मोठं काम आहे. कुंडीतली वापरणार असाल तर पान कापून पंधरा मिनिटं उभं ठेवा, खालून पिवळा चीक गळतो तो जाऊ द्या, तो लागला की खाज सुटते, मग साल काढून गर धुऊन घ्या. बाजारातलं हिरवंगार सुगंधी जेल घेण्यापेक्षा ही बरी.

कुंकुमादि तेलाबद्दल मला दोनदा विचारलं गेलंय म्हणून, केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, चंदन वगैरे तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं असतं, कोरड्या त्वचेला रात्री तीन-चार थेंब छान वाटतात, तेज येतं. पण तेलकट, पिंपलवाल्या चेहऱ्याला हे देऊ नका, मला जबड्यावर सहा नवीन फोड आले आणि त्या सहांचे सहा डाग. फार स्वस्त मिळालं तर त्यात केशर किती असेल याचा हिशोब आपला आपण करावा.

उटणं, मसूर डाळीचं पीठ, मुलतानी माती: लावायला हरकत नाही, चोळून काढायला आहे. वाळल्यावर खरवडून काढायची जी सवय आपल्याला दिवाळीपासून लागलीय तिथेच घोळ होतो. ओलं असतानाच पाण्याने सोडवायचं. बेकिंग सोडा, टूथपेस्ट, लसूण असलं कोणी सांगितलं तर हसून विषय बदला.

आता ज्याच्याशिवाय वरचं सगळं वाया, ते ऊन. इथे घरगुती बाजूकडे उत्तर आहे पण अर्धंच. ओढणी, स्कार्फ, टोपी, छत्री हे उत्तम, फुकट, आणि सोलापूर-विदर्भात बायका पिढ्यानपिढ्या डोकं-तोंड बांधून हिंडतात ते उगाच नाही. पण पातळ जॉर्जेटमधून ऊन आत येतं, सुती आणि घट्ट विणीचं पाहिजे. खोबरेल तेल म्हणजे सनस्क्रीन नव्हे, कितीही जणांनी सांगितलं तरी. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, दोन बोटांवर लांब पट्टी काढून तेवढं सगळं चेहरा-मानेला, आणि बाहेरच असाल तर दोन-तीन तासांनी परत. आपल्या रंगासाठी अजून एक गोष्ट आहे जी बाटलीवरच्या एसपीएफच्या आकड्यात येत नाही: नुसता डोळ्याला दिसणारा उजेडसुद्धा सावळ्या त्वचेला काळं करतो, गोऱ्या त्वचेला तितका करत नाही, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे ज्या सनस्क्रीनला स्वतःचा मातकट-तपकिरी रंग असतो ते. वांगवाल्यांनी दुसरं काही नाही घेतलं तरी हे घ्यावं. फायदा असा की पांढरं भूत झाल्यासारखंही दिसत नाही. आईला मी हेच दिलं, जायफळ बंद, बाकी काही नाही, आणि मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तिचा वांग चढला नाही. गॅससमोरची धगही वांगाला मानवत नाही, त्यामुळे पोळ्या आता बाबांकडे आहेत, गोल होत नाहीत ती गोष्ट वेगळी.

एक गोष्ट रागाने लिहिते. मेडिकलमध्ये जाऊन 'डागांची ट्यूब द्या' म्हटलं की बऱ्याचदा हातात पडते ती तीन औषधांची मिसळ, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टिरॉइड. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की माणूस खूश, मग सहा महिने तेच चोळतो, मग कातडी पातळ, लाल शिरा, बारीक केस, आणि सोडलं की दुप्पट काळं. डॉक्टरने मोजून आठ आठवड्यांसाठी दिलं तर ते औषध आहे, आपल्या मनाने लावलं तर आगीतून फुफाट्यात. 2018 साली सरकारने अशी स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण आमच्याकडच्या एका दुकानात मला मागच्याच वर्षी न विचारता मिळाली. याहून वाईट म्हणजे लेबल नसलेल्या डबीतलं 'हर्बल' क्रीम. अकोल्यातल्या एका मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला असं पार्लरचं क्रीम लावून किडनीचा आजार झाला, 2023 साली ते पेपरात आलं होतं, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये क्रीम तपासलं तर त्यात पारा निघाला. पारा मेलॅनिन बनणं थांबवतो म्हणून चेहरा खरंच उजळतो, आणि त्यामुळेच लोक फसतात. डबीवर काय काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर ती डबी घरात आणायचीच नाही, मग ती देणारी कितीही ओळखीची असो.

वेळेचा हिशोबही सांगते. वरची कातडी बदलायलाच महिनाभर लागतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट, घरची का बाहेरची, आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय बदलायची नाही. एका वेळी एकच नवीन गोष्ट, आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं. आणि फोटो काढायचा, दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फिल्टर न लावता, नाहीतर आरसा रोज वेगळं सांगतो.

बहिणीला शेवटी काय सांगितलं: तिचे डाग तपकिरी, पिंपल अजून अधूनमधून येतात, हातात चार महिने. म्हटलं सकाळी नायसिनामाइड 5 टक्के आणि रंगाचं सनस्क्रीन, रात्री एक दिवसाआड अझेलेइक, रविवारी ज्येष्ठमध-कोरफड हवं तर. लिंबू, स्क्रब, पार्लरचं ब्लीच, 'ब्रायडल ग्लो पॅकेज' काही नाही, निदान शेवटच्या महिन्यात तरी नवीन काहीच नाही. चार महिन्यांत डाग पूर्ण जातील असं मी म्हटलेलं नाही, फिकट होतील म्हटलंय, उरलेल्यावर मेकअपवाली आहे. आणि दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर स्किनच्या डॉक्टरकडे, लग्नाच्या आदल्या आठवड्यात नाही.

काल तिचा फोटो आला, पहिला रविवार. खिडकीपाशी काढलाय, मागे मामी ज्येष्ठमधाची कांडी चघळत उभी. घसा बसलाय म्हणे, अर्धी पुडी संपवली.